माणसे न्यायची की मोटारी?

रस्त्यावर मोटारींची रांग लागली की बहुतेकांच्या तोंडी एकच उपाय येतो : रस्ता रुंद करा. रुंदीला जागा नसेल तर वरून उड्डाणपूल न्या, खालून बोगदा खणा. तेही जमत नसेल तर समुद्रात भर घाला. हा उपाय इतका सरळ वाटतो की त्याविषयी शंका काढणारा माणूस प्रगतीचा वैरी ठरतो. तरीही, वाचकहो, ती शंका आज आपण काढणार आहोत. कारण प्रश्न हजारो कोटी रुपयांचा आहे, आणि त्याहूनही अधिक, रोज पोटासाठी घराबाहेर पडणाऱ्या माणसाच्या वेळेचा आणि जिवाचा आहे.

प्रथम थोडे अंकगणित करू. रस्त्याची एक मार्गिका, म्हणजे एका मोटारीपुरता पट्टा घ्या. सारे काही सुरळीत असले, वाटेत सिग्नल नसला, मध्येच कोणी थांबले नाही, तर त्या पट्ट्यावरून तासाभरात फार तर २,००० मोटारी जातात. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरा. (अर्धा माणूस कोठून आणला असे विचारू नका, सरासरीत तो सापडतो!) म्हणजे तासाला झाली ३,००० माणसे. आता मुंबईची लोकल पहा. बारा डब्यांची एक गाडी गर्दीच्या वेळी चार-पाच हजार माणसे घेऊन येते, आणि तिच्यापाठोपाठ तीन-चार मिनिटांत दुसरी येते. तात्पर्य, एक मार्गिका तासभर राबून जे काम करते, त्याहून अधिक काम लोकल एका फेरीत उरकते.

लोकल सर्वत्र नेता येत नाही, हे खरे. पण बस नेता येते. तीच मार्गिका केवळ बससाठी राखून ठेवली, दर मिनिटाला एक बस सोडली आणि प्रत्येकीत ६० माणसे बसली-उभी राहिली, तर तासाला ३,६०० माणसे झाली. रस्ता तोच, रुंदी तीच. फक्त वापर बदलला.

आता कोणी म्हणेल, “बस हवी तर ठेवा, पण रस्ताही वाढवा, त्याने निदान गर्दी तर कमी होईल?” गंमत अशी की, बहुधा तीही फार दिवस कमी राहत नाही. घरात नवे कपाट आणले की चार दिवसांत ते भरते, हा अनुभव गृहिणींना सांगायला नको. रस्त्याचेही तसेच आहे. रस्ता मोकळा झाला, ही बातमी लपून राहत नाही. जो गर्दी टाळून पहाटे निघत असे, तो आता नऊ वाजता निघतो. जो दुसऱ्या वाटेने जाई, तो इकडे वळतो. जो आगगाडीने जाई, तो मोटार काढतो. पुढे शहराबाहेर, लांबवर, नव्या वसाहती उभ्या राहतात आणि त्यांतील माणसेही त्याच रस्त्यावर येतात. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने हा नियम १९६२ सालीच मांडला होता. २०११ साली ड्युरांटन आणि टर्नर या दोघा अभ्यासकांनी अमेरिकेतील शहरांची आकडेवारी तपासून दाखवले की, महामार्गाची लांबी-रुंदी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात मोटारींची धावही वाढते.

याचे ठळक उदाहरण टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात आहे. तेथील केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ सालापर्यंत रुंद करण्यात आला. बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी तब्बल २६ मार्गिका! परंतु २०११ ते २०१४ या काळात त्यावरचा गर्दीच्या वेळचा प्रवास सकाळी सुमारे ३० टक्के आणि संध्याकाळी सुमारे ५५ टक्के अधिक वेळखाऊ झाला. जमिनीला तोटा नाही, पैशाला तोटा नाही, अशा मुलखाची ही कथा. मग आपल्या चिंचोळ्या मुंबईची काय कथा?

मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली ती विजेवर धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम निघून गेली. ट्राम संथ, ती इतर वाहनांची वाट अडवते, अशी तेव्हाची तक्रार होती. वाट मोकळी झाली. पण ती मोकळी राहिली का? विसाव्या शतकाच्या अखेरीस पन्नासहून अधिक उड्डाणपुलांची योजना हाती घेण्यात आली. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला, २०२४ साली किनारी रस्ता खुला होऊ लागला. वाहनकोंडी मात्र एका चौकातून उठून पुढच्या चौकात जाऊन बसली.

याच काळात बेस्टचे काय झाले? एकेकाळी चार हजारांहून अधिक असलेल्या तिच्या बसगाड्या २०२५ साली तीन हजारांच्या आत आल्या होत्या, आणि त्याच वर्षी मे महिन्यात किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. येथे एक दुष्टचक्र ध्यानात घ्या. मोटारींच्या गर्दीत बस अडकली की तिच्या फेऱ्या घटतात. फेऱ्या घटल्या की थांब्यावरचा माणूस कंटाळून दुचाकी घेतो. प्रवासी गेला की उत्पन्न जाते, उत्पन्न गेले की बस जाते. मग त्या नव्या दुचाकीला जागा हवी म्हणून पुन्हा रस्ता रुंद करा! बरे, सागरी सेतूवर आणि किनारी रस्त्यावर दुचाकीलाही मज्जाव आहे.

किनारी रस्त्यावर तेरा हजार कोटींहून अधिक खर्च झाला. एका विजेच्या बसची किंमत दीड कोटी धरली, तर ३,००० बस साडेचार हजार कोटींत येतात. चालक, वाहक, आगार, देखभाल यांचा खर्च वेगळा आणि तो दरसाल करावा लागतो, हे मान्य. पण पुलाला पैसा द्यायचा तर ती ‘गुंतवणूक’ आणि बसला द्यायचा तर तो ‘तोटा’, हा कोणता हिशेब?

आणि जिवाचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गावर वर्षानुवर्षे दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे दगावत आली आहेत. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काही प्राणाला मुकले. ही माणसे कामाला निघाली होती, एवढाच त्यांचा गुन्हा.

याचा अर्थ रस्ते बांधूच नयेत असा नव्हे. गावाला रस्ता हवाच. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एस.टी. गेली ती रस्त्यावरूनच. माल वाहायला, घाट सुरक्षित करायला महामार्ग लागतात. पण खेड्याला जोडणारा रस्ता वेगळा आणि शहराच्या पोटातून मोटारी नेण्यासाठी केलेला रस्ता वेगळा.

बसमार्गही अर्धवट करून चालत नाही. बोगोटा शहराने २००० साली आणि अहमदाबादने २००९ साली बससाठी वेगळा मार्ग राखला. पुण्याने तर २००६ सालीच कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर हा प्रयोग आरंभला होता. परंतु तो सलग झाला नाही, त्यात इतर वाहने घुसत राहिली, आणि पुढे शहरात काही ठिकाणी असा मार्ग काढूनही टाकण्यात आला. मेट्रोलाही हेच लागू. स्थानकापर्यंत जायला बस नसेल, चालायला धड पदपथ नसेल, तर लाखमोलाची मेट्रो दारात उभी असून दूरच.

केंद्र सरकारने २००६ साली जाहीर केलेल्या नागरी वाहतूक धोरणात तत्त्व सांगितले आहे ते असे, की वाहने नव्हे, माणसे हलवायची आहेत. तेव्हा यापुढे तुमच्या शहरात नव्या पुलाची कोनशिला बसेल, तेव्हा नगरसेवकाला नम्रपणे एवढेच विचारा : “साहेब, यावरून तासाला मोटारी किती जातील ते सांगू नका. माणसे किती जातील आणि त्यांत बसने जाणारी किती, तेवढे सांगा.”