मावा फस्त करणारा ढालकिडा: त्याच्या पिल्लालाच आपण शत्रू समजतो!

मंडळी, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला इवलासा किडा तुम्ही नक्कीच पाहिला असेल. इंग्रजीत लेडीबर्ड, आपल्याकडे ढालकिडा. दिसायला गोंडस, पण मावा किडीसाठी हा साक्षात काळ आहे. गंमत म्हणजे खरा खादाड तो नाहीच, त्याचं पिल्लू आहे!

आधी माव्याबद्दल. करडई, कापूस, चवळी, मोहरी अशा कितीतरी पिकांच्या कोवळ्या शेंड्यांवर ही किड थव्याने बसते आणि सुईसारख्या सोंडेने रस ओढते. जास्तीचा गोड रस ती बाहेर टाकते, त्याने पानं चिकट होतात आणि त्यावर काळी बुरशी चढते. याच गोड रसासाठी मुंग्या माव्याची राखणही करतात, ढालकिड्यांना चक्क हाकलून लावतात.

माव्याचं खरं बळ त्याच्या संख्येत आहे. आपल्यासारख्या उष्ण भागात मादी नराशिवायच थेट जिवंत पिल्लं घालते. ती जन्मते तेव्हाच तिच्या पोटात पुढची पिढी आकार घेत असते. म्हणजे आजी, आई आणि नात एकाच वेळी! साधारण आठवडा-दहा दिवसांत ती पिल्लंही आई होतात.

ढालकिड्याची मादी नेमकी अशी वस्ती शोधते आणि तिथेच पिवळ्या, लांबट अंड्यांचे पुंजके घालते. पिल्लं जन्मली की ताट समोर वाढलेलंच! मावा कमी असेल तर ती भावंडांनाही सोडत नाहीत. ही अळी आईसारखी मुळीच दिसत नाही. काळपट, लांबट, अंगावर नारिंगी डाग आणि काटे, जणू छोटीशी सुसर. लहान असताना ती मावा टोचून शोषते, मोठी झाली की चावून खाते. कोषात जाण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात तर दिवसाला कित्येक डझन मावा फस्त करते.

आणि इथेच घोळ होतो. शेंड्यावर मावा आणि शेजारी ही काटेरी अळी दिसली की 'दोन-दोन किडी पडल्या' असं वाटतं आणि पंप पाठीवर चढतो. सरसकट मारक औषधाने दोन्ही मरतात. पण वाचलेला थोडासा मावा आठवड्यात पुन्हा वाढू लागतो. ढालकिड्याला मात्र अंड्यापासून भुंगेरा व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. मधल्या काळात माव्याला रान मोकळं! मग दुसरी फवारणी, पुन्हा खर्च.

अर्थात ढालकिडा उशिरा येतो, हेही खरं. आधी मावा वाढतो, मग तो पोहोचतो. त्यामुळे नुसतं त्याच्या भरवशावर बसूनही चालत नाही. पण मावा अनेकदा बांधाकडच्या ओळींपासून सुरू होतो. तेवढ्याच ओळी फवारल्या तर आतले ढालकिडे वाचतात.

हो, एक अपवाद! वांग्याच्या पानावर मळकट तांबूस, बारीक लव असलेला आणि बरेच ठिपके असलेला भुंगेरा दिसला, तर तो ढालकिड्याचाच भाऊबंद हड्डा भुंगेरा. तो मावा खात नाही, पानंच खरवडून त्यांची जाळी करतो.