अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या चेतासंस्थेतील हिमोग्लोबिन : स्वरूप व कार्य

प्रस्तावना :
हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातील ऑक्सिजनवाहक प्रथिन, ही अध्यापनात रूढ झालेली ओळख अपुरी आहे. काही अपृष्ठवंशीय प्राण्यांत हे प्रथिन प्रत्यक्ष चेतासंस्थेत आढळते. ॲफ्रोडाइट या सागरी वलयी प्राण्याच्या चेतारज्जूतील हिमोग्लोबिनची नोंद रे लँकेस्टर यांनी इ. स. १८७२ मध्येच केली होती. प्रस्तुत लेखात अशा प्रथिनांच्या कार्याचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

स्थान व रचना :
ॲफ्रोडाइट आणि टेलिना या शिंपल्यात हे हिमोग्लोबिन चेतापेशींना वेढणाऱ्या ग्लिया पेशींत असते. सेरेब्रॅट्यूलस या फीतकृमीसदृश सागरी प्राण्यात मात्र ते चेतापेशींतही आढळते. त्याची शृंखला अवघ्या १०९ ॲमिनो आम्लांची आहे. मानवी मायोग्लोबिनमध्ये ती १५३ आम्लांची असते. आकार लहान असला तरी लोहयुक्त हीम गटाशी ऑक्सिजनचा व्युत्क्रमी बंध होण्याची क्षमता कायम राहते.

कार्य :
आवेगवहनानंतर आयनांचे संतुलन पूर्ववत करण्यासाठी चेतापेशीस सतत ऊर्जा लागते. चिखलात पुरून राहणाऱ्या प्राण्यांना मात्र ऑक्सिजनचा अभाव वारंवार सोसावा लागतो. क्राउस व कोलासिनो यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टेलिनाची तुलना चेतासंस्थेत हिमोग्लोबिन नसलेल्या टॅजेलस या शिंपल्याशी केली. ऑक्सिजन काढून घेतल्यावर टेलिनाच्या चेतांचे कार्य अधिक काळ टिकले. म्हणजेच येथे हिमोग्लोबिन वाहक नसून साठा आहे.

निष्कर्षाची मर्यादा :
इ. स. २००० मध्ये बुर्मेस्टर व हँकेल्न यांच्या गटाने मानव व उंदीर यांच्या मेंदूतील न्यूरोग्लोबिनचा शोध जाहीर केला. त्याचे नाते ॲफ्रोडाइटच्या चेता-ग्लोबिनशी जुळते. तथापि नाते जुळले म्हणून कार्यही तेच, असे अनुमान काढणे युक्त नाही. साठ्यासाठी प्रथिनाचे प्रमाण विपुल असावे लागते. उपरोक्त प्राण्यांच्या चेतांत ते तसे असते. मेंदूत न्यूरोग्लोबिन एकंदरीत अत्यल्प असते. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या गोलकृमीत तर जीएलबी-५ हे ग्लोबिन ऑक्सिजनच्या पातळीतील बदल जाणण्यास साहाय्य करते, असे २००९ मध्ये दिसून आले.

समारोप :
सारांश, ग्लोबिनचे कार्य केवळ त्याच्या रचनेवरून ठरत नाही. त्याचे प्रमाण, स्थान व प्राण्याचा अधिवास यांचाही विचार करावा लागतो. पक्षाघातावरील उपचारांच्या संदर्भात न्यूरोग्लोबिनची चर्चा करताना हा विवेक राखणे अगत्याचे आहे.