दगडी चर्चवास्तूंची दुरुस्ती : चुना, सिमेंट आणि दुबळेपणाचे तत्त्व

प्रस्तावना :
दगडी वास्तू चिरंतन असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात दगडही झिजतो. आणि पुष्कळदा काळाने जेवढी हानी होत नाही तेवढी सद्हेतूने केलेल्या दुरुस्तीने होते. युरोपातील मध्ययुगीन चर्चवास्तू याची साक्ष देतात. दुरुस्तीचे साहित्य मूळ दगडापेक्षा दुबळे का असावे, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

चुना आणि सिमेंट यांतील भेद :
मध्ययुगीन गवंडी दगडांच्या सांध्यांत चुन्याचा दर्जा भरीत असत. चुनखडी भाजून चुनकळी तयार होते. ती पाण्यात विरवून वाळूत मिसळली की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून ती सावकाश घट्ट होते. असा चुना सच्छिद्र व काहीसा लवचिक असतो. भिंतीत मुरलेले पावसाचे पाणी त्यातून बाहेर पडते. पाण्याबरोबर येणारे क्षार सांध्यात साचतात, त्यामुळे झीज होते ती सांध्याची. दगड सुरक्षित राहतो. सांधा पुन्हा भरता येतो, कोरलेला दगड मात्र पुन्हा मिळत नाही.

1824 मध्ये जोसेफ ॲस्पडिन यांनी इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे दुरुस्तीच्या कामांत सिमेंटचा वापर वाढला. सिमेंट कठीण आणि पाण्याला अडविणारे असल्याने भिंतीतील ओलाव्यास सांध्यातून वाट मिळत नाही. तो मऊ दगडातून बाहेर पडू लागतो. क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात, थंड प्रदेशांत तेथेच पाणी गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. शेवटी सिमेंटच्या रेषा शाबूत आणि मधला दगड खोल गेलेला, असे विपरीत चित्र दिसते.

वेल्स येथील प्रयोग :
इंग्लंडमधील वेल्स कॅथीड्रलच्या 13व्या शतकातील पश्चिम दर्शनी भागावर सुमारे 300 मध्ययुगीन शिल्पे टिकून आहेत. 1970च्या दशकात रॉबर्ट बेकर यांनी तेथे चुन्याची पद्धत अवलंबिली. चुन्याच्या लेपाने दगड स्वच्छ करणे, चुन्याची निवळी मुरविणे, भेगा चुन्याने भरणे आणि शेवटी पातळ संरक्षक लेप देणे, असे तिचे टप्पे होते. निवळीने दगड खरोखर बळकट होतो काय, याविषयी पुढे संशोधकांनी शंका उपस्थित केल्या. परंतु वरचा लेप झिजावा आणि शिल्प वाचावे, हे तत्त्व महत्त्वाचे ठरले.

गोव्याचे उदाहरण :
हा विचार आपल्या परिसरालाही लागू पडतो. जुने गोवे येथील बॉम जेझू बॅसिलिका 1605 मध्ये पूर्ण झाली. मध्ययुगानंतरची असली, तरी तिची समस्या याच जातीची आहे. तिच्या जांभ्या दगडाच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. 1950च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीत, वास्तूला अधिक प्राचीन रूप यावे म्हणून तो काढण्यात आला. जांभा दगड सच्छिद्र असतो आणि कोकणपट्टीचा पाऊस धुवाधार. गिलावा हा अलंकार नसून त्या भिंतीचे कवच होते. आता पेच असा की, पुन्हा गिलावा केल्यास पिढ्यांच्या परिचयाचे तांबूस रूप झाकले जाईल; आणि न केल्यास दगडाची झीज चालूच राहील. लेखकाच्या मते, डोळ्यांच्या सवयीपेक्षा दगडाच्या आयुष्याला अधिक महत्त्व मिळणे आवश्यक आहे.

समारोप :
1877 मध्ये विल्यम मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली. भव्य जीर्णोद्धारापेक्षा नित्य देखभाल श्रेयस्कर, असा तिचा आग्रह होता. चुन्याची दुरुस्ती याच विचाराशी जुळते. ती कायमची नसते. काही वर्षांनी पुन्हा करावी लागते आणि त्यासाठी चुना जाणणारा गवंडी हाताशी असावा लागतो. म्हणून वास्तूच्या जतनाबरोबरच त्या कारागिरीचे जतन होणे तितकेच गरजेचे आहे. एकदाच खर्च करून चिंतामुक्त होण्याची इच्छा हीच जुन्या दगडाला सर्वांत घातक ठरते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.