स्पीकर बंद करा, भोंडला आहे!

मागच्या नवरात्रात आमच्या लेडीज होस्टेलच्या अंगणात भोंडला ठरला आणि पहिलाच प्रश्न आला, "गाणी येतात कुणाला?" मी पडले कॉन्व्हेंटवाली. ख्रिसमसची कॅरल्स तोंडपाठ, पण भोंडल्याचं एक गाणं धड येईना! मग कुणीतरी मोबाइलवर गाणी लावून स्पीकर जोडला. दुसऱ्याच गाण्याला आमचा गोल फिस्कटला. रेकॉर्डिंगमधल्या बायका कुणासाठी थांबत नाहीत ना! इथे एक हसतेय, दुसरीची ओढणी अडकलीय... शेवटी मेसच्या मावशींनी स्पीकर बंद केला आणि स्वतःच गायला लागल्या.

तेव्हा कळलं, भोंडल्यात वाद्य का लागत नाही. मधे पाटावर हत्ती, भोवती एकमेकींचे हात धरलेले. मग टाळ वाजवणार कोण? ताल पावलांचा. एकीनं ओळ उचलायची, बाकीच्यांनी मागे म्हणायची. गोल मंदावला की गाणंही मंदावतं.

हत्ती का, तर हस्त नक्षत्र. २७ सप्टेंबरच्या आसपास सूर्य हस्तात जातो, म्हणून याला हादगाही म्हणतात. (माझी रूममेट विदर्भातली. तिच्याकडे भुलाबाई, कोजागिरीपर्यंत.) पूर्वी हादगा सोळा दिवस चालायचा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज एक वाढवत. बेरीज करा, १३६! पाठ न होऊन सांगतील कुणाला?

शिवाय गाणी रचलीच तशी आहेत. कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी वेल लाव. मग वेल वाढू दे, कारलं येऊ दे, भाजी कर... दर कडव्यात एक पायरी बदलते, बाकी सगळं तेच. सरळ सरळ फॉर लूप! फक्त बाहेर पडायची अट सासूच्या हातात.

आम्ही हसत होतो. मावशी मात्र त्या गाण्यात मधेच थांबल्या. "आमचं लग्न लवकर झालं. बोलायची सोय नव्हती, पण हादग्यात सासूसमोर हे गाणं म्हटलं तर कुणी काही म्हणायचं नाही," एवढंच बोलल्या आणि पुढचं कडवं उचललं.

त्या रात्री त्यांच्याकडून अकरा गाणी वहीत उतरवली. चाल काही वहीत उतरत नाही. म्हणून यंदा घटस्थापनेच्या आदल्या रविवारी, जेवणं झाल्यावर मेसमध्येच बसणार आहोत. पहिलं गाणं मी उचलणार आहे. हसायचं नाही!