विश्लेषण : अ‍ॅपची चाचणी आभासी फोनवर की खऱ्या?

लॅपटॉपवर सुरळीत चालणारे अ‍ॅप ग्राहकाच्या फोनवर का अडखळते? बहुतेक विकासक पहिली चाचणी इम्युलेटरवर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील आभासी फोनवर घेतात. गुगलच्या अँड्रॉइड स्टुडिओत तो मोफत मिळतो. लहान-मोठे पडदे, अँड्रॉइडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या, मंद इंटरनेट, मध्येच येणारा कॉल हे सारे एकही फोन विकत न घेता तपासता येते.

मग अडते कुठे?

यूपीआय अ‍ॅपचेच घ्या. नोंदणीच्या वेळी ते फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवते आणि मोबाइल क्रमांक त्या फोनशी जोडते. इम्युलेटरमध्ये खरे सिमच नसते. शिवाय त्याची ताकद लॅपटॉपकडून उसनी घेतलेली. स्वस्त फोनवर होणारी रखडपट्टी तिथे सहसा दिसत नाही. बॅटरी वाचवण्यासाठी काही कंपन्यांचे फोन मागे चालणारी अ‍ॅप परस्पर बंद करतात. औषधाच्या वेळेची आठवण देणारे अ‍ॅप त्यामुळे आजोबांच्या फोनवर गप्प राहू शकते. इम्युलेटरवर मात्र ते वेळेवर वाजलेले असते.

सगळे फोन विकत घ्यायचे का?

गरज नाही. गुगलच्या फायरबेस टेस्ट लॅबसारख्या सेवा दूर ठेवलेल्या खऱ्या फोनवर अ‍ॅप चालवून देतात. रोजच्या कामाला इम्युलेटर पुरतो. पैशांचे किंवा औषधाचे अ‍ॅप असेल, तर मात्र प्ले स्टोअरवर देण्याआधी ते दोन-तीन खऱ्या फोनवर चालवायलाच हवे. त्यातला एक तरी स्वस्त आणि तीन-चार वर्षे वापरलेला असावा. विकासकांच्या खिशात नेमका तोच नसतो!