ल्युपस आणि हृदय : वयावर विसंबू नका

अडतीस वर्षांची बाई. जिना चढताना धाप लागते, छातीवर दडपण येतं. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल. डॉक्टरही वय पाहून गॅसची गोळी लिहून देतात. एरवी हा अंदाज पुष्कळदा बरोबर ठरतो. पाळी चालू असलेल्या वयात स्त्रीला हृदयविकाराचा झटका सहसा येत नाही. पण या बाईला ल्युपस असेल, तर तोच अंदाज तिच्या जिवावर बेतू शकतो.

ल्युपस म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटणं. सांधे दुखतात, उन्हात गेलं की चेहऱ्यावर चट्टे उठतात, मूत्रपिंडाला सूज येते. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया, त्याही बहुतेक तरुण. १९७६ मध्ये टोरांटोच्या डॉ. मरे युरोविट्झ यांनी दाखवून दिलं, की सुरुवातीचे मृत्यू ल्युपसच्या जोरामुळे आणि जंतुसंसर्गाने होतात. पुढे कित्येक वर्षांनी, आजार शांत झाल्यावर, हृदयविकार गाठतो. १९९७ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांची तुलना अमेरिकेतल्याच प्रसिद्ध फ्रॅमिंगहॅम पाहणीतल्या समवयस्क स्त्रियांशी केली. झटक्याचं प्रमाण पन्नास पटींहून जास्त निघालं! आता, या वयात मूळ धोकाच फार थोडा असतो, त्यामुळे आकडा ऐकून हबकून जाऊ नये. पण दुर्लक्षही करू नये.

मग हा धोका आधी कळत का नाही? डॉक्टर वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह, धूम्रपान यांची बेरीज करून पुढल्या दहा वर्षांतला धोका काढतात. या हिशेबात सर्वांत मोठं वजन वयाचं. त्यामुळे तरुण बाईचं उत्तर जवळजवळ नेहमीच ‘धोका कमी’ असं येतं. वर्षानुवर्षं धुमसणारा दाह, स्टेरॉइडच्या गोळ्या, मूत्रपिंडाचा आजार, रक्ताच्या गुठळ्या करणारी प्रतिद्रव्यं यांना त्या जुन्या हिशेबात रकानाच नाही. ब्रिटनने २०१७ मध्ये ‘क्यूरिस्क ३’ या नव्या पद्धतीत ल्युपस आणि स्टेरॉइड यांचे रकाने घातले, हे चांगलंच झालं. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी केली, तेव्हा ल्युपसच्या ३७ टक्के रुग्णांत चरबीचे थर दिसले; ल्युपस नसलेल्यांत १५ टक्के.

म्हणून ल्युपसच्या प्रत्येक तपासणीला रक्तदाब मोजून घ्यावा. तो १३०/८० च्या खाली असलेला बरा. कोलेस्टेरॉल, साखर, लघवीतली प्रथिनं पाहावीत. गुठळ्यांच्या प्रतिद्रव्यांची तपासणी झाली आहे का, हे विचारावं. सिगारेट सोडा म्हटलं की आपल्याकडच्या बायका हसतात. पण मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. स्टेरॉइडचा डोस शक्य तितका कमी हवा, मात्र तो डॉक्टरांनी उतरवायचा. बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम बंद करणं घातक ठरतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळीही मनाने सोडू नये. ती ल्युपस आटोक्यात ठेवते आणि हृदयालाही तिचा फायदा होतो असं दिसतं. तिच्यासाठी डोळे मात्र वेळोवेळी तपासून घ्यावे लागतात.

आणि छातीत दुखलं, जबड्यात कळ आली, दरदरून घाम सुटला, तर दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या : ‘डॉक्टर, मला ल्युपस आहे, आधी ईसीजी काढा.’ तो ठीक आला तरी, त्रास थांबला नसेल तर घरी परतायची घाई करू नका. ईसीजी पुन्हा काढावा लागतो, ट्रोपोनिनची रक्ततपासणीही लागते.