बारा यानं, बारा गमती: ‘अरायव्हल’मधला संघर्ष नेमका कुठे आहे?

‘यात संघर्ष कुठाय?’ एकांकिकेच्या तालमीत लेखकाला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. दोन बाजू, त्यांच्यात ठिणगी आणि शेवटी कुणीतरी चीत, हा साचा आपल्या अंगवळणी पडलाय. परग्रहवासीयांच्या सिनेमांत तर तो ठरलेलाच: ते येतात, शहरं जाळतात, आपण त्यांना पिटाळून लावतो. २०१६ साली कॅनडाच्या देनी विलनव्ह यांनी ‘अरायव्हल’ आणला आणि नायिकेच्या हातात दिला पांढरा फळा नि मार्कर. नायिका लुईस बँक्स (एमी ॲडम्स) भाषाशास्त्रज्ञ आहे. तिचं काम एकच, पाहुणे का आलेत ते समजून घेणं. तरीही आपण दोन तास श्वास रोखून बघतो! हे कसं जमलं? सिनेमात पृथ्वीवर बारा यानं येतात, तर त्याची उत्तरंही बारा गमतींमध्ये पाहू. शेवट उघड होणार आहे. सिनेमा पाहिला नसेल, तर आधी तो पाहा!

१. मूळ कथेत भांडणच नाही

सिनेमा बेतलाय टेड चिआंग यांच्या १९९८ सालच्या ‘स्टोरी ऑफ युवर लाइफ’ या दीर्घकथेवर. तिथे यानांऐवजी जगभर ११२ आरशांसारखे पडदे उतरतात, त्यातले नऊ अमेरिकेत. माणसं आणि पाहुणे त्या पडद्यांतून बोलतात आणि एके दिवशी पाहुणे कारण न सांगता निघून जातात. युद्धाची घंटा नाही, चिनी सेनापती नाही, स्फोट नाही. पटकथाकार एरिक हायसरर यांनी ११२चे १२ केले, बारा ठिकाणांच्या संशोधकांना एकमेकांशी जोडलं आणि मग ती जोडणी एकेक करून तुटताना दाखवली. फ्रेंच समीक्षक फर्दिनां ब्रुनतिएर यांनी १८९४ साली नाटकाचा नियम मांडला होता: पात्राची इच्छा हवी आणि तिच्या वाटेत अडथळा हवा. पटकथेनं अडथळा आणला, पण तो पाहुण्यांकडून नाही, माणसांकडून. या पटकथेला ऑस्करचं नामांकनही मिळालं.

२. कथेचं बी रंगमंचावर पडलं

चिआंग यांना भौतिकशास्त्रातल्या एका तत्त्वाचं कुतूहल होतं: प्रकाशकिरण कमीत कमी वेळाचा मार्ग घेतो, जणू कुठे पोहोचायचं हे त्याला निघण्याआधीच ठाऊक असतं. त्यावर कथा लिहायची तर माणूस कुठला घ्यायचा? उत्तर मिळालं पॉल लिंके या अभिनेत्याच्या एकपात्री प्रयोगातून. कर्करोगाशी झुंजणाऱ्या आपल्या पत्नीबद्दल ते त्यात बोलत. जे टळणार नाही त्याला सामोरं जाणारं माणूस चिआंग यांना तिथे सापडलं.

३. पहिल्या काही मिनिटांतच आपण फसतो

सुरुवातीला लुईसची मुलगी जन्मते, वाढते आणि आजारानं जाते. लगेच पुढच्या दृश्यात लुईस विद्यापीठात एकटी चालताना दिसते आणि आपण मनात नोंद करतो, ‘बिचारी अजून दुःखातून सावरलेली नाही.’ असं सिनेमात कुणी म्हणालेलंच नाही! सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी हीच किमया शंभर वर्षांपूर्वी दाखवली होती. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला की प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसे, कधी शोक. ‘अरायव्हल’मध्ये शोक आपण पुरवतो, कारण मुलगी अजून जन्मलेलीच नाही. ते सारं पुढे घडणार आहे.

४. घडलं एका क्रमानं, सांगितलं दुसऱ्या

रशियन रूपवादी समीक्षकांनी १९२०च्या दशकात दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: घटना ज्या क्रमानं घडल्या ती ‘फाबुला’ आणि त्या ज्या क्रमानं सांगितल्या तो ‘सुझेत’. फ्रान्सच्या जेरार जनेत यांनी १९७२ मध्ये आणखी बारकावा आणला. मागचं नंतर सांगणं म्हणजे ‘ॲनालेप्सिस’ आणि पुढचं आधी सांगणं म्हणजे ‘प्रोलेप्सिस’. ‘अरायव्हल’ची सगळी गंमत इथे आहे. प्रोलेप्सिस आपल्यासमोर येतो तो ॲनालेप्सिसच्या वेषात. चिआंग यांच्या कथेतली आई मात्र काही लपवत नाही. ती मुलीशी भविष्यकाळातच बोलते आणि मुलगी जाणार हे वाचकाला आधीच कळतं. कथा एकच, पण वाचणाऱ्याला हुरहुर लागते आणि पाहणाऱ्याला धक्का बसतो. सांगण्याचा क्रम बदलला की भावनाही बदलते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडायचं नाही.

५. वर्तुळ पूर्ण झालं, ऑस्कर हुकलं

मुलीचं नाव हॅना. इंग्रजीत ते डावीकडून वाचा की उजवीकडून, तेच राहतं. संगीतही तसंच फिरून येतं. सुरुवातीला आणि शेवटी माक्स रिश्टर यांची २००४ सालची ‘ऑन द नेचर ऑफ डेलाइट’ ही रचना वाजते. या वर्तुळाची किंमत मात्र मोजावी लागली. सिनेमासाठी नवं संगीत रचलं होतं आइसलँडच्या योहान योहानसन यांनी, पण आधीच प्रसिद्ध असलेली रचना दोन मोक्याच्या जागी आहे, या कारणानं ऑस्कर अकादमीनं त्यांचं संगीत स्पर्धेतून बाद केलं. सिनेमाला एकूण आठ नामांकनं मिळाली आणि पुरस्कार एक, ध्वनिसंपादनाचा. एमी ॲडम्सना तर नामांकनही नव्हतं!

६. शाईची वर्तुळं खरीखुरी तपासली गेली

पाहुण्यांना सात पाय, म्हणून ते ‘हेप्टापॉड’. त्यांची लिपी म्हणजे धुरासारख्या शाईची वर्तुळं. त्यांना सुरुवात नाही, शेवट नाही, पूर्ण वाक्य एकदम उमटतं. ही चिन्हं रेखाटली चित्रकार मार्टिन बर्ट्रंड यांनी. कलादिग्दर्शक पात्रिस व्हेर्मेट यांच्या त्या पत्नी. सुमारे शंभर चिन्हांचा कोशच तयार झाला. संगणकशास्त्रज्ञ स्टीफन वुल्फ्राम आणि त्यांचा मुलगा ख्रिस्टोफर यांनी ती चिन्हं खऱ्या प्रोग्रामनं तपासली. मॅकगिल विद्यापीठाच्या भाषाशास्त्रज्ञ जेसिका कून सल्लागार होत्या. लिपीचं हे वर्तुळ म्हणजे कथेचा नकाशाच. सिनेमा ज्या आकारात सांगितलाय, तो आकार पडद्यावर वारंवार समोर येत राहतो.

७. पाहुण्यांची नावं विनोदी जोडीवरून

दोन हेप्टापॉडना भौतिकशास्त्रज्ञ इयन (जेरेमी रेनर) नावं देतो, ‘ॲबट’ आणि ‘कॉस्टेलो’. ही अमेरिकेतली गाजलेली विनोदी जोडगोळी. त्यांचं सर्वात प्रसिद्ध प्रहसन उभं आहे ते निव्वळ गैरसमजावर: बेसबॉल खेळाडूंची नावंच अशी आहेत की एकाचं उत्तर दुसऱ्याला प्रश्न वाटतं. जग ज्या गैरसमजानं युद्धाच्या काठावर जाणार आहे, त्याची चाहूल या नावांतच दडलेली आहे.

८. खेळ शिकवला, वैर शिकवलं

लुईसला कळतं की चीनचे लोक पाहुण्यांशी माहजोंग या खेळाच्या सोंगट्यांतून बोलताहेत. ती हादरते. ज्याच्याशी संवादाची सुरुवातच खेळानं झाली, त्याला प्रत्येक वाक्यात डाव, प्रतिस्पर्धी, जय आणि पराजयच दिसणार! संघर्षाबद्दलचं हे सिनेमातलं सर्वात तल्लख निरीक्षण. वैर दोन बाजूंच्या मनात असावंच लागतं असं नाही, कधी कधी ते संवादाच्या माध्यमातूनच शिरतं. आपल्या कथांचंही तसंच आहे. प्रत्येक गोष्ट कुस्तीच्या फडासारखी सांगत राहिलो, तर जगाकडे बघतानाही समोर फक्त पैलवान दिसायला लागतात.

९. शस्त्र की साधन?

‘तुम्ही का आलात?’ याचं उत्तर येतं आणि त्यातलं एक चिन्ह ‘शस्त्र’ असं लावलं जातं. देश एकमेकांशी बोलणं थांबवतात. लुईस विनवते, ‘साधन’ असाही अर्थ असू शकेल! इथे लेखिका उर्सुला ल ग्विन यांचा १९८६ सालचा निबंध आठवतो. माणसाचं पहिलं साधन भाला नसावं, गोळा केलेलं धान्य-कंदमुळं ठेवायची झोळी असावी, आणि कथाही भाल्यासारखी रोखलेली असण्यापेक्षा झोळीसारखी असावी, असं त्यांनी मांडलं. कथा म्हणजे फक्त संघर्ष, हे त्यांना मान्यच नव्हतं. ‘अरायव्हल’च्या पाहुण्यांनी आणलेली भेट म्हणजे त्यांची भाषाच. ती शिकली की काळ पुढे-मागे दिसू लागतो. तीन हजार वर्षांनी त्यांना माणसांची मदत लागणार आहे, म्हणून आज ते देताहेत. गंमत म्हणजे आधीच्या मसुद्यात ही भेट वेगळीच होती, ताऱ्यांपर्यंत जाणाऱ्या यानाचा आराखडा. २०१४ साली ‘इंटरस्टेलर’ आला आणि ती कल्पना बदलावी लागली. बरंच झालं!

१०. हिचकॉकचा बॉम्ब

टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं आणि पात्रांना नाही, तर तो कितीतरी मिनिटं तळमळतो. आल्फ्रेड हिचकॉक यांची ही शिकवण विलनव्ह शब्दशः वापरतात. बिथरलेले सैनिक यानात स्फोटकं ठेवतात, आकडे उलटे मोजले जातात आणि लुईस-इयन समोरच पाहुण्यांशी बोलत असतात. संथ सिनेमात धडधड कशी पेरावी याचा हा उत्तम पाठ. आणि स्फोट होतो तेव्हा माणसांना वाचवतो कोण? ॲबट. तोही स्वतःच्या प्राणांवर बेतलेलं असताना.

११. उत्तर आईला, प्रश्न मुलीचा

हॅना गृहपाठ करताना विचारते, दोघांचाही फायदा होतो अशा व्यवहाराला शास्त्रीय नाव काय? लुईसला ते आठवत नाही. इकडे वर्तमानातल्या लष्करी तंबूत इयनच्या तोंडून ते निघतं, ‘नॉन-झीरो-सम गेम’, आणि तिकडे भविष्यातली लुईस मुलीला उत्तर देते. एकाची जीत म्हणजे दुसऱ्याची हार नसेल, असा हा खेळ. ही भाषा आली गणिती खेळ-सिद्धांतातून. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ सालच्या ग्रंथानं त्याचा पाया घातला. सिनेमाचा कळसही असाच खेळ आहे. पुढे एका समारंभात चिनी जनरल शांग स्वतःचा खासगी फोन नंबर लुईसला दाखवतो, आपल्या पत्नीचे शेवटचे शब्द सांगतो आणि वर्तमानातली लुईस त्याच शब्दांनी त्याला युद्धापासून परतवते. ते चिनी वाक्य पडद्यावर उलगडून दाखवलेलं नाही. हायसरर यांनी नंतर आशय सांगितला: युद्धात विजेते नसतात, फक्त विधवा उरतात. जगातलं सर्वात मोठं भांडण एका फोनवर मिटतं, कुणीही न हरता.

१२. एकच भांडण मिटत नाही

आता तालमीतल्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर. लुईसला सगळं कळलंय: इयनशी लग्न होईल, मुलगी होईल, ती जाईल. तरीही ती ‘हो’ म्हणते. चिआंग यांच्या कथेत मुलगी पंचविसाव्या वर्षी कडा चढताना अपघातात जाते. सिनेमात ती किशोरवयात असाध्य आजारानं जाते. हा बदल फार महत्त्वाचा आहे. अपघात टाळता येईल असं प्रेक्षकाला वाटत राहिलं असतं, आजारापुढे मात्र एकच प्रश्न उरतो, मुलीला जन्म द्यायचा की नाही? पुढे कधीतरी लुईस हे इयनला सांगते, तिचा निर्णय त्याला चुकीचा वाटतो आणि तो घर सोडतो. हा प्रसंग सिनेमा दाखवतही नाही, लुईसच्या एका संवादातून फक्त कळवतो.

आपल्या नाट्यशास्त्रानं कार्याच्या पाच अवस्था सांगितल्यात, आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. तिथे विघ्नं आहेत, पण सारी वाट जाते ती फळाकडे, प्रतिस्पर्ध्याच्या पराभवाकडे नाही. लुईसची गोष्ट या मापानं वाचून पाहा. तिचं फळ म्हणजे हॅनाबरोबरची थोडीशी वर्षं. दुःख त्यातच मिसळलेलं आहे, आणि ते वगळून फळ मिळत नाही हे जाणून ती ते मागते. सिनेमात लढाई नाही म्हणून संघर्ष नाही, असं म्हणणाऱ्याला ‘अरायव्हल’ दाखवावा. सैन्य समोरासमोर उभं न करताही, एका बाईच्या एका होकारात जगातली सगळी ओढाताण मावते.